छाप कापलेलं कापड

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी नाशिकला भद्रकालीतल्या आमच्या कापडाच्या दुकानापुढे रोज बायका बसत आणि विलायती कापड घेऊ नका म्हणून गिऱ्हाइकांना हात जोडत. त्यांत सगळ्यात पुढे आमची शेजारीण. मी दुकानावरच्या आमच्या घरात आलेली नवी सून. ती वर बघून हसली की मी खिडकीतून मागे सरायचे.

शेवटी मामंजींनी गोदेच्या वाळवंटात शपथ घेतली: यापुढे फक्त स्वदेशी, दुकानातला विलायती माल होळीत. टाकलं काय, ते मला माहीत आहे. आदल्या दिवशी सासूबाई आणि मी माजघरात कात्र्या घेऊन बसलो आणि प्रत्येक ताग्याच्या टोकाचा, विलायती गिरणीचा छाप असलेला तुकडा कापून काढला. ते तुकडे आणि कसर लागलेले दोन-चार तागे होळीत गेले. छाप जळताना पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या, मामंजींना हार घातला. उरलेलं कापड बिनछापाचं, म्हणजे स्वदेशी झालं. दाखवायचे दात वेगळे, दुसरं काय. मला तेव्हा ही हुशारी वाटली होती, हे लिहितानाही लाज वाटते.

शेजारणीचा नवरा विलायती कापडाच्या गाडीपुढे आडवा पडला म्हणून नाशिकरोडच्या तुरुंगात होता. तो सुटायच्या आठवड्यात त्याच्या सदऱ्यासाठी कापड घ्यायला ती दुकानात न जाता माझ्याकडे वर आली.

"फार मऊ लागतंय गं," कापड चाचपत ती म्हणाली. "स्वदेशीच ना? खाली विचारलं असतं, पण तू खोटं बोलायची नाहीस."

"हो ताई," मी म्हणाले. "मुंबईची नवी गिरणी आहे." तिनं विचारलं नव्हतं तेही सांगितलं.

तो सुटला त्या दिवशी तुरुंगाच्या दारात मामंजींनीच त्याला हार घातला. अंगातल्या नव्या सदऱ्याची बाही लोकांना दाखवत तो म्हणाला, "व्यापाऱ्यांनी मनावर घेतलं तर असं कापड आपल्याकडे होतं." शेजारणीनं माझा हात धरून मला पुढे ओढलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि मी हसत उभी राहिले.

तो सदरा ती सणावारालाच काढायची. किती वेळा सांगायचं ठरवलं, पण मामंजींची अब्रू आड यायची. खरं तर माझीच.

स्वातंत्र्य आलं त्या सकाळी तो तोच विरलेला सदरा घालून झेंड्याला निघाला. खालून ती मला चल म्हणून हाका मारत होती. मी खिडकी लावून घेतली.