लग्न कशामुळे केलं

माझ्या धाकट्या भावाला सगळे 'मुळेसाहेब' म्हणतात. आडनाव नाही हो ते! लिफ्ट दुरुस्त करता करता तोंडात बसलेल्या शब्दावरून पडलेलं नाव. लिफ्ट का अडकली? दाराच्या खाचेत खडा गेल्यामुळे. पोर का रडतंय? दात येत असल्यामुळे. एकदा एक आजीबाई दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या. बाहेर काढल्यावर थरथरत म्हणाल्या, "देवा, माझ्याच नशिबी का रे हे?" तर हा पठ्ठ्या म्हणतो, "आजी, स्विचचा कॉन्टॅक्ट काळा पडल्यामुळे." आता काय बोलायचं याला!

माझी भावजय हसून सोडून द्यायची. "यांना 'का' विचारू नये, स्क्रूड्रायव्हर काढतात," म्हणायची. पण तिच्या हृदयाची झडप खराब झाली, ऑपरेशन ठरलं. आत नेताना स्ट्रेचरवरून तिने त्याचा हात धरला. मी शेजारीच उभी होते.

"खरं सांगा, माझ्याशी लग्न का केलंत?"

"मामांनी स्थळ आणल्यामुळे," हा म्हणाला. वर, नोकरी पक्की झाल्यामुळे घरचे मागे लागले होते, तेही सांगितलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण कपाळ माझं! असं बोलतात का कुणी त्या वेळी? तिने हात सोडला. "बरं," म्हणाली आणि आत गेली. ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही.

डॉक्टरांनी बाहेर येऊन रक्तस्राव कशामुळे झाला ते नीट समजावलं. याने मान डोलवत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते कळलं हो. पण का?" डॉक्टर बिचारे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

परवा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चहा निवून गेला तरी कपाला हात नाही. मला राहवलं नाही.

"अरे शहाण्या, मामांनी आणखीही स्थळं आणली होती की! तूच 'हीच पाहिजे' म्हणून जेवण सोडून बसला होतास. ते का नाही सांगितलंस तिला?"

त्याने गार चहाचा कप बाजूला सरकवला.

"पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात होतं. सगळ्यांना दिसत होतं, कुणी बोलेना. हिने हसून सांगितलं. तिथेच ठरवलं मी."

"मग?"

"ते कारण असतं, हे मला माहीतच नव्हतं गं ताई."