शिलेदाराची कोरी पाती

हा माणूस मला पुरता कळला असं मी म्हणणार नाही. आमच्या इमारतीत तो लिफ्ट चालवायचा आणि मी तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीत बसायचो. लिफ्ट खाली आली की तो समोर, वर गेली की नजरेआड, असा आमचा सहवास नोकरीभर चालला. तेवढ्यात जे दिसलं ते सांगतो. नीट सांगता आलं नाही तर दोष माझा, त्याचा नाही.

त्याला सगळे शिलेदार म्हणायचे. अंगाने काडी, आवाज मऊ, झुरळ दिसलं तर दोन्ही पाय स्टुलावर घेणारा. पण गणवेशाच्या आत तो अख्खं शस्त्रागार घेऊन हिंडायचा. छातीच्या खिशात पेनाशेजारी घडीचा चाकू, पँटच्या खिशात आणखी दोन, मोज्यात एक चपटा, आणि कमरेला कोटाखाली कातडी म्यानातला शिकारी सुरा. तो खाली वाकला की अंगातून खुळखुळ आवाज यायचा. रोजचे चाकू वेगळे असत. एकालाच सारखं बरोबर नेलं तर बाकीच्यांना वाईट वाटेल, असं तो अगदी गंभीरपणे सांगायचा. त्याच्यापुढे हसायची सोय नव्हती. मी खिडकी लावून हसायचो.

या सगळ्या पात्यांनी आयुष्यात काही म्हणजे काही कापलं नव्हतं. पार्सलची सुतळी तो दाताने तोडायचा. त्यात एकदा पुढचा दात गेला, आणि त्या वेळी त्याच्या अंगावर चार चाकू होते. मी विचारलं, अरे बाबा, मग हे बाळगायचे कशाला? त्याने लिफ्टचं दार धरून ठेवलं, वर कुणीतरी घंटा वाजवत असताना, आणि मला समजावून सांगितलं.

"कापलं नाही तोवर चाकू जगातलं काहीही कापू शकतो. एकदा टोमॅटो कापला की तो टोमॅटोचा चाकू झाला. मग उरलं काय?"

मग दार ओढून तो वर निघून गेला.

घरी कपाटाचे वरचे तीन खण चाकूंचे होते. प्रत्येकाखाली मखमल. वहिनींचे कपडे पलंगाखालच्या ट्रंकेत. सुट्टीच्या दिवशी तो जमिनीवर चादर अंथरून बसायचा आणि एकेक पातं तेल लावून, पॉलिश चोळून, फ्लॅनेलने पुसून आरशासारखं करायचा. वहिनी स्वयंपाकघरात डब्याच्या झाकणाने भाजी चिरायच्या. मी गेलो की त्या मला म्हणायच्या, भावजी, तुमच्या मित्राला सांगा, शत्रू आला तर त्याला दाखवायला ठेवलेत का हे? त्यावर तो म्हणायचा, शत्रूवर घाण करायची का चांगल्या पात्याची? संसार असा सुरळीत चालला होता.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. गावात चाकू आणि सुऱ्या जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य, सचिव चष्म्यांचे दुकानदार. सभासदांना कोटावर लावायला छोटा पितळी बिल्ला मिळे, आणि महिन्यातून एकदा सगळे आपापली पाती टेबलावर मांडून चहा पीत. शिलेदाराला त्या टेबलापाशी बसायचं होतं. लिफ्टमध्ये चाकूबद्दल बोलायला माणूस मिळायचा, पण तिसऱ्या मजल्यावर उतरून जायचा. पुरं वाक्य ऐकणारी माणसं त्याला फक्त तिथे भेटणार होती.

अडचण मंडळाच्या नियमाची. उमेदवाराने निदान एक तरी काम केलेलं पातं दाखवायचं आणि त्याने काय काम केलं ते सांगायचं. काम न केलेलं पातं म्हणजे नुसता फोटो, असं अध्यक्षांचं मत. शिलेदाराने दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा खरं ते सांगितलं. दोन्ही वेळा परत आला. मी म्हटलं, एखादा लांडगा सांग की, कोण बघायला जातंय. तो इतका दुखावला की दिवसभर माझ्यासमोर लिफ्ट थांबवून मान फिरवत राहिला.

शेवटी तोच कबूल झाला. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, आणि घरी बसून बोलायचं कुणाशी, हा प्रश्न त्याला खायला लागला होता. एक पातं खर्ची घालायचं. मंडळाने समोर येऊन बघायचं. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ मी जाडजूड दोर ताणून धरणार आणि शिलेदार तो कापणार, असं ठरलं. कुठलं पातं, हे ठरत नव्हतं. त्या आठवड्यात त्याचं वजन उतरलं. वहिनींनी निरोप पाठवला की झोपेत नावं घेतात, आणि एकही बाईचं नाही.

ठरल्या दिवशी अध्यक्ष आणि सचिव आले. थंडी होती. अध्यक्षांनी लोकरीचा लांबलचक मफलर गळ्याला दोन वेढे देऊन गाठ मारून घेतला होता. मी दोर खांद्यावर टाकून आत शिरलो. शिलेदाराने जाळीचं दार ओढलं, हॅन्डल फिरवलं, लिफ्ट वर निघाली आणि अध्यक्ष खाली निघाले.

मफलरचं टोक दारात सापडून बाहेर, तळमजल्याच्या जाळीत अडकलं होतं. शिलेदाराने हॅन्डल लगेच सोडलं, त्यामुळे फार काही झालं नाही. अध्यक्ष गुडघ्यांवर आले आणि त्यांचा कान जाळीला टेकला, एवढंच. पण ओढीने दार बोटभर सरकलं होतं, खाचेत लोकर घट्ट बसली होती, आणि दार पूर्ण मिटल्याशिवाय लिफ्ट वरही जात नाही आणि खालीही येत नाही. गळ्यातली गाठ आवळून सुपारीएवढी झाली होती. श्वास चालू होता. उठता मात्र येत नव्हतं.

आता दुसऱ्या कुणी काय केलं असतं ते मला सांगायला नको. आमच्या लिफ्टमध्ये चर्चा सुरू झाली.

शिलेदाराने सगळे चाकू काढून स्टुलावर मांडले. छातीच्या खिशातला उचलून त्याने परत ठेवला, लोकरीला हा फार नाजूक. मोज्यातला साल काढायच्या घडणीचा. सचिव चष्मा पुसून म्हणाले की विणलेल्या कापडाला दाते असलेलं पातं बरं. जाळीपाशी गुडघे टेकलेले अध्यक्ष म्हणाले, दाते कशाला, ताणलेल्या लोकरीला सरळ धार पुरते. सचिवांना ते पटलं नाही. अध्यक्षांना मान वळवता येत नसल्यामुळे ते भिंतीशी वाद घालत होते. मी दबकत म्हटलं की कुठलाही चालेल. तिघांनीही माझ्याकडे, म्हणजे अध्यक्षांनी माझ्या बुटांकडे, असं बघितलं की मी दोर कवटाळून कोपऱ्यात उभा राहिलो.

शिलेदाराने अखेर सरळ धारेचा चाकू घेतला. डोळे मिटून त्याने पातं मफलरवर ठेवलं आणि ओढलं.

काही झालं नाही. पुन्हा ओढलं. मफलर थोडा चमकल्यासारखा झाला. दुसरा चाकू घेतला, तिसरा घेतला. लोकरीचा एक धागा तुटेल तर शपथ. इतकी वर्षं पॉलिश चोळून चोळून त्याने सगळ्या धारा गोल करून टाकल्या होत्या. चमच्याने कापावं तसं चाललं होतं. त्याचा चेहरा मला बघवेना.

"बाजूला व्हा," सचिव म्हणाले आणि त्यांनी कोटातून स्वतःचा चाकू काढला. तोही आरशासारखा होता. त्यानेही कापलं नाही. मग अध्यक्षांनी चाचपडत खिशातला आपला वर केला. मंडळात त्या चाकूची मोठी ख्याती, त्याने म्हणे एकदा रानडुकराचा वेध घेतला होता. सचिवांनी तो घासून घासून बघितला. मफलर जसाच्या तसा.

चौथ्या मजल्यावरून कुणीतरी घंटा वाजवत होतं.

शिलेदाराने कमरेचा शिकारी सुरा काढला. शिंगाच्या मुठीचा, त्याचा सगळ्यात लाडका. धार त्याने बघितलीच नाही. सुऱ्याचं टोक दाराच्या खाचेत घातलं, लोकरीखाली सरकवलं आणि सारा भार देऊन दाबलं. खट् असा आवाज झाला. लोकर उसळून बाहेर आली, अध्यक्ष मागे माझ्या अंगावर कोसळले, आणि सुऱ्याला टोक उरलं नव्हतं.

त्याने दार मिटलं, लिफ्ट हलकेच तळमजल्याला आणली, खालच्या जाळीतून मफलर सोडवला. सगळं अगदी नेहमीच्या सफाईने. सचिवांनी कपडे झटकले आणि जरा घसा खाकरून म्हणाले की प्रसंग मोठा होता, पण नियमाच्या दृष्टीने बघायचं तर हे उचकटणं झालं, कापणं नव्हे.

शिलेदाराने मान खाली घातली. "नियम आहे तर आहे," तो म्हणाला.

अध्यक्ष बराच वेळ गळा चोळत होते. स्टुलावर त्यांचा आणि सचिवांचा चाकू इतरांत मिसळून पडला होता. कुठला कुणाचा ते चटकन ओळखू येत नव्हतं. ते सचिवांना म्हणाले, "आपल्यापैकी कुणाचं पातं कधी कशात तुटलंय? माझं रानडुक्कर सोडून सांगा. ते मला मेलेलंच मिळालं होतं."

सचिवांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

मग अध्यक्षांनी आपल्या कोटावरचा बिल्ला काढला आणि शिलेदाराच्या गणवेशाला लावायला पुढे झाले. पण शिलेदार जागेवर नव्हता. तो लिफ्टच्या फरशीवर हातांनी चाचपत रांगत होता. थोड्या वेळाने अध्यक्षही खाली बसले, मग सचिव, मग मी. वर घंटा वाजत होती. घंटा वाजतेय आणि शिलेदार हॅन्डलकडे बघत नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"अहो, सभासद झालात तुम्ही," अध्यक्ष त्याच्या शेजारी रांगत म्हणाले. "आता उठा."

"हो साहेब," तो म्हणाला. "पण आधी टोक सापडू दे."