दसऱ्यासाठी रंगवलेली मोटार

धोतराला ग्रीस लागेल म्हणून मी तेव्हा विकत घेतलेली जुनी मोटार खालून न पाहताच रंगवली. परवा घराच्या दाराला रंग दिला आणि त्या वासानं पन्नास-पंचावन्न सालचा भोसरीतला दसरा आठवला. मोटारीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. थकलेल्या वडिलांना तिच्यातून चऱ्होलीला, त्यांच्या आजारी बहिणीला आपट्याचं सोनं द्यायला न्यायचं होतं. वडील ऐटीत बसले आणि गंजलेला पत्रा फाटून त्यांचे पाय थेट जमिनीला टेकले. तेव्हा मी खो खो हसलो. आता लाज वाटते. हसू ओसरल्यावर खाली वाकून पाहिलं, तर जुन्या धडकेनं सांगाडाही वाकलेला. तरी “दुरुस्त करून मोटारीनंच जाऊ” म्हणत मी बैलगाडी जुंपू दिली नाही. सांगाडा सरळ होईपर्यंत आत्या गेली. वडील एवढंच म्हणाले, “मला बहीण भेटायची व्हती, राजा. तुला मोटार मिरवायची व्हती.”