कोऱ्या पाठीची कार्डं

मिलिंद गेला हे सांगायला वहिनींचा फोन आला, तेव्हा मी मरोळच्या आमच्या ऑफिसच्या खोलीत त्यानेच भाषांतर केलेला एक जन्मदाखला टाइप करत होतो. आदल्या संध्याकाळी "उरलेलं उद्या बघू रे" म्हणून तो उठला होता...

बुलढाण्याकडचा हा माणूस आखातातल्या नोकरीसाठी अरबी शिकला. नोकरी हुकली, भाषा राहिली. पुढे वीस वर्षं तिकडे जाणाऱ्यांची कागदपत्रं तो अरबीत करायचा आणि मी टाइप करायचो. फावल्या वेळात त्याचा एकच नाद. जुन्या अरबीत माणसाच्या स्वभावाला जेवढे शब्द तेवढी कार्डं करायची आणि बुटाच्या खोक्यात घराणी पाडून लावायची. औदार्याचं एक घराणं, चिक्कूपणाचं दुसरं, मग शूर, मग भित्रे.

"सुन्या, नुसतं कंजूस म्हणून भागत नाही. हात आखडतो तो बखील. वर हावही असली की शहीह."

"मग आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी?"

"तो कधीच कार्डावर गेला ना!"

खरंच गेला होता. ज्याच्यात तो गुण दिसला त्याचं नाव मिलिंद कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचा. माणूस सापडेपर्यंत कार्ड अपुरं, हा त्याचा नियम.

तीन वर्षांपूर्वी एका नर्सबाईंच्या दाखल्यात मी वडिलांच्या नावाची ओळच गाळली. त्यांचा व्हिसा अडकला. त्या रडत आल्या आणि मी सरळ मिलिंदकडे बोट दाखवलं. त्याच्या हातचा मसुदा खणातच होता, ओळ त्यात होती. तो त्याने बाहेर काढला नाही. "ताई, चूक आमची. उद्या सकाळी नवीन देतो," एवढंच म्हणाला. नंतरही विषय काढला नाही. त्याची एकदा माफी मागावी असं मला रोज वाटायचं. ते राहूनच गेलं.

महिन्याभराने बोरीवलीला त्याच्या घरी गेलो, तर वहिनींनी खोका पुढे केला. "भाऊजी, हे तुम्हालाच कळेल."

घरी येऊन मी आधी 'जबान' शोधलं. भित्र्याला अरबीत जबान म्हणतात. पाठीवर माझं नाव असणार याची खात्री होती. पाठ कोरी होती. वीस वर्षं माझ्यासमोर बसूनही त्याला या शब्दाला माणूस सापडला नव्हता. फार लाज वाटली. मग 'हलीम' हाती आलं. खाली त्याच्या बारीक अक्षरात अर्थ होता, 'शिक्षा करणं हातात असूनही राग गिळणारा'. त्याचीही पाठ कोरी.

खोका आता ऑफिसात त्याच्या टेबलावर आहे. काल पेन्सिलीला टोक काढून मी ती दोन्ही कार्डं पुरी केली. 'हलीम'वर मिलिंद लिहिलं. 'जबान'वर माझं नाव, आडनावासकट.