शून्यांची मजुरी

रोडपालीच्या तुळशीराम पेंटरने हयातभर पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, निवडणुकीत भिंतीसुद्धा. फ्लेक्स आले आणि काम आटलं. पन्नाशीला तो ट्रेलरच्या नंबरप्लेटा रंगवून दिवस काढत होता, तेवढ्यात खलीलभाईंनी त्याला बोलावणं धाडलं.

खलीलभाई बहारीनमध्ये सतरा वर्षं काढून परतलेले. न्हावा शेव्याच्या रस्त्याला त्यांचं हॉटेल. गिऱ्हाईक म्हणजे ट्रेलरचे ड्रायव्हर आणि कंटेनर कंपन्यांचे कारकून. २०१७चा नोव्हेंबर होता. नोटाबंदीपासून खलीलभाईंचा कागदी पैशावरचा भरवसा उडाला होता.

"पुढच्या ईदपर्यंत सारी दुनिया बिटकॉइन देऊन चहा पिणार, तुळशीराम. आपण आत्ताच भाव बदलून टाकू."

एक कॉइन तेव्हा सहा लाखांना होतं. त्यामुळे बारा रुपयांचा चहा ०.००००२ झाला. मजुरीही कॉइनमध्येच ठरली: अक्षरामागे एका कॉइनचा लाखावा भाग, म्हणजे सहा रुपये. कॉइन ठेवायचं ॲप खलीलभाईंनीच त्याच्या मोबाइलमध्ये टाकून दिलं.

"शून्य पण अक्षरात धरायचं ना?" तुळशीरामने विचारलं.

"शून्य म्हणजे काहीच नाही, अरे!"

"काहीच नाय, तर मग काढू नको का?"

खलीलभाईंनी शून्य धरलं. "टिंबाचं मी घेत नाय," तुळशीराम मोठ्या मनाने म्हणाला.

बोर्डावर बारा पदार्थ होते. तीन आठवड्यांत कॉइन दुप्पट झालं आणि आकडे चार वेळा पुसून रंगवावे लागले. चहा ०.००००१ वर आला, बिर्याणी निम्म्यावर. एवढी स्वस्ताई पनवेलने कधी पाहिली नसेल, पण बोर्ड वाचून ड्रायव्हर एकच विचारत, "रुपयात किती?" आणि उत्तर नेहमीचंच येई.

गिऱ्हाइकांत खरं कॉइन होतं एकट्या भावेशकडे. हा कंटेनर कंपनीतला कारकून रोज बोर्ड वाचून खूश होई आणि पैसे मात्र नोटांनी देई.

"आज कॉइन दिलं तर एक बिर्याणी," तो समजावून सांगे. "पंधरा दिवस थांबलो तर त्याच कॉइनमध्ये दोन. मग आज कशाला मोडू?" आणि भूक काही पंधरा दिवस थांबणारी नसल्याने दुसरी प्लेट मागवून तिचेही रुपयेच देई.

डिसेंबरात खलीलभाईंच्या ध्यानात आलं की अक्षरामागची मजुरी बसल्या बसल्या बारा रुपये झाली आहे. "चहा निम्म्यावर आला, मजुरीही निम्म्यावर आणू. रुपयात तुझं काही घटत नाही." हिशोब बरोबर होता. तुळशीराम कबूल झाला.

फेब्रुवारीपर्यंत कॉइन पाच लाखांच्याही खाली घसरलं. बोर्डावरचे भाव चढू लागले. खलीलभाईंनी चहा ०.००००३ केला. त्याच दिवशी भावेशने पहिल्यांदा खिशातून मोबाइल काढला.

"खलीलभाई, आज कॉइनमध्ये घ्या."

"आज नको भाई, नेट चालत नाही," खलीलभाई म्हणाले. त्यांच्या हातातल्या मोबाइलवर कॉइनचा भाव मिनिटामिनिटाला हलत होता.

तुळशीराम रंगाचा डबा खाली ठेवून पुढे आला. "अक्षराला अडीच रुपये पण पडत नाय आता. मजुरी वाढवा."

"थोडा सब्र कर. वर जाईल."

"मजुरी उतरवताना तुमी एक दिवस पण थांबला नव्हता, खलीलभाई."

खलीलभाईंनी दोन चहा मागवले. स्वतःचा कप संपल्यावर म्हणाले, "रुपयात देतो. बोर्डही रुपयातच लिही."

तो बोर्ड अर्ध्या दिवसात उरकला. 'चहा १२', 'बिर्याणी १२०'. शून्यं गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांची मजुरीही गेली. ॲपमधली कॉइनं विकून तुळशीरामच्या हाती अडीच हजार आले. बायको जनीने नोटा हातात घेतल्या. "एवढ्या शून्यांचे एवढेच?" तिने विचारलं आणि नोटा डाळीच्या डब्यात ठेवल्या.

जूनमध्ये दूध महागलं. खलीलभाईंनी चहा पंधरा केला. कॉइनमध्ये चहा तिप्पट झाला तेव्हा एकाही ड्रायव्हरने मान वर केली नव्हती. आता तीन रुपयांसाठी चार दिवस भांडण चाललं. सगळ्यात मोठा आवाज तुळशीरामचा होता, आणि बोर्डावरचे पंधरा त्यानेच पहिल्या दिवशी सकाळी रंगवले होते.