कपाटातले मिस्त्रीकाका

"आत्ता कपाटात हाय. बाहेर निघालो की बोलतो."

मिस्त्रीकाका फोनवर कुणाला तरी अगदी सहज सांगत होते. फोन बाबांनी त्यांच्या कानाला लावून धरला होता, कारण काकांचे दोन्ही हात वर होते आणि हातांत स्टीलचा रॉड होता. रॉडवर माझे सात ड्रेस लटकत होते. काका त्या ड्रेसांच्या मागं, भिंतीतल्या रिकाम्या कपाटात उभे. बाहेरून फक्त पावलं दिसत.

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीतलं बहुतेक लाकूडकाम त्यांनीच केलेलं. मिस्त्री कसे काम करतात ते तुम्हीही पाहिलं असेल. टेप लावायची, कानामागची पेन्सिल काढून खूण करायची, ड्रिल चालवायचं. आमचे काका खुणेपर्यंत सरळ जायचे आणि तिथं अडायचे. "भोक पाडलं की पाडलं," म्हणत ड्रिल खाली ठेवायचे. मग स्वतःच रॉड धरून कपाटात उभे राहायचे, त्यावर खरे कपडे अडकवायला लावायचे आणि ज्याचे कपडे त्यानं तोंडानं 'इथंच' म्हणेपर्यंत हलायचे नाहीत.

समोरच्या निवृत्त सरांच्या कपाटाचा रॉड लावायचा होता, त्या दिवशी सर बँकेत गेले होते. त्यांच्या बायको म्हणाल्या, "लावून टाका हो, त्यांना काय कळतंय!" काका म्हणाले, "शर्ट सरांचे हायत." ते तिथंच जेवले, सरांच्या आरामखुर्चीत घोरले, आणि सर आल्यावर कपाटात शिरले. सरांना वाटलं, आपण आलो म्हणून हा माणूस लपतोय.

या हट्टामागं खुलताबादचं एक घर होतं. ते सांगताना काका हसायचे नाहीत. "सासऱ्यानं उंची सांगितली, मी लावला. सासरा ताडमाड, सून एवढीशी. लई वर्षांनी दार नीट करायला गेलो, तर ती बाई काठीनं साड्या काढायली. आंबे पाडायलेत तसं. येवढी वर्षं कुणाला बोलली नाय. मलाच शरम आली."

आता आमच्या कपाटाचं. आईनं प्लायची एक जाड फळी आणून ठेवली होती. तिचा बेत असा : कपाटाच्या मध्यावर फळी, वर पाहुण्यांच्या गाद्या आणि रजया, फळीखाली माझा रॉड. "हिचं लग्न झालं की रिकामंच राहणार ना ते," ती काकांना सांगत होती. मी शेजारीच उभी होते.

माझे ड्रेस घोट्यापर्यंतचे. अर्ध्या उंचीच्या रॉडवर ते जमिनीवर गोळा होणार होते. पण खरी गोष्ट ड्रेसांची नव्हती. त्या घरात पूर्ण माझी म्हणावी अशी ती एकच जागा होणार होती, आणि मला ती अर्धी नको होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी मान हलवून उत्तरं देते. शाळेत माझ्या इंग्रजीला हसायचे, घरी चुलतभावंडं माझ्या मराठीला. मानेला कुणी हसत नाही.

काकांनी आधी रॉड आईच्या उंचीला, आपल्या छातीशी धरला. सात ड्रेसांच्या वर त्यांचं मिशीवालं डोकं, आणि खाली माझा पिवळा अनारकली त्यांच्या पायांवर गोळा होऊन पडलेला. "असं?" त्यांनी मला विचारलं. मी मान आडवी हलवली.

"अगदी बरोबर," आई म्हणाली.

"ताई, हा पिवळा तुम्ही घालायले का?"

"मी कशाला घालू?"

"मग थांबा जरा."

त्यांनी हात वर नेले. ड्रेस सरळ सुटले, काकांचं तोंड त्यांच्यामागं गेलं. "आता?" मी जोरात मान हलवली. कपड्यांतून आवाज आला, "बेटा, बोल की. मला काय दिसंना."

मी पुन्हा मान हलवली.

अशी पंधरा-वीस मिनिटं गेली. आईनं चहा आणला. काकांचे हात गुंतलेले, म्हणून बाबांनी चहा बशीत ओतून ड्रेसांसमोर धरला. हिरवा आणि पिवळा जरा बाजूला झाले, मधून मिशी आली, बशी रिकामी केली आणि परत गेली. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. त्यांनी ड्रेसांखालची पावलं पाहिली.

"कोण आहे गं कपाटात?"

"मिस्त्री," आई म्हणाली.

"बरं बरं." काकू पलंगावर बसल्या आणि कपाटाला म्हणाल्या, "आमचं किचनचं दार कधी करताय?"

"हितून सुटलो की," कपाट म्हणालं.

आता काका काम करत नाहीत. गुडघे गेले, हर्सूलला मुलाकडं असतात. आता येतात ते लोक लाल उजेडाच्या यंत्रानं माप घेतात, आईला विचारतात आणि चटकन जातात. त्यांच्यापैकी कुणी कपाटात शिरलं नाही.

त्या दिवशी मात्र रॉड थरथरायला लागला होता. सातही ड्रेस एका लयीत हलत होते. बाबा म्हणाले, "मिस्त्री, हात दुखतील. खाली लावून मोकळे व्हा." आईनं फळी उचलून कपाटाला टेकवली.

"दुखू द्या, साहेब," आतून आलं. "कपडे बोलत नाय तोवर मी हाय."

मी काहीतरी पुटपुटले.

"कोण? ताई, तुम्ही बोलला का?"

"मी नाही बाई," आई म्हणाली.

"मग परत बोला, ज्यानं बोललं त्यानं."

रॉड बोटभर खाली आला, परत वर गेला. सगळे माझ्याकडं बघत होते. ज्याला उत्तर हवं होतं, तो एकटाच मला बघू शकत नव्हता.

"इथंच, काका," मी म्हणाले, गल्लीत जाईल एवढ्यानं. "आणि ती फळी माझ्या कपाटात नको."