दार धरणाऱ्या मुली

कोलकात्यात बालीगंजच्या एका खासगी प्राथमिक शाळेत ‘जीवनकौशल्ये आणि आरोग्य’ हा विषय माझ्याकडे आला, कारण तो दुसऱ्या कोणालाच नको होता. आठवड्यातून दोन तास, परीक्षा नाही, मार्क नाहीत. म्हणजे शाळेच्या लेखी विषयच नाही. माझ्याआधी त्या तासाला गणिताच्या बाई राहिलेली गणितं उरकून घेत आणि संमेलन जवळ आलं की नाचाची तालीम चाले. वनस्पतिशास्त्राची पदवी, नवऱ्याची सरकारी कंपनीतली बदली आणि मुलगा शिकायला बाहेर गेल्यावर रिकामं झालेलं घर, एवढ्या पात्रतेवर मला घेतलं. मुख्याध्यापिकांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, तक्ते करता येतात का?

येत होते. दोन वर्षांत मी त्या शाळेच्या भिंती आरोग्यानं भरून टाकल्या. हात धुण्याच्या पायऱ्यांचा तक्ता बेसिनच्या वर लावला. साबण मात्र मासींच्या कपाटात कुलूपबंद असे. मासी म्हणजे शाळेतल्या आयाबाई. त्यांचं म्हणणं असं, की साबण पोरांच्या हाती दिला की संपतो. तक्ता संपत नव्हता, म्हणून तो सगळ्यांना आवडला. पालकसभेच्या दिवशी त्याचे फोटोही निघाले.

माझी सर्वांत गाजलेली कामगिरी म्हणजे पाण्याची घंटा. दिवसातून तीन वेळा घंटा वाजवायची, मुलांनी बाटली काढून पाणी प्यायचं, आणि शाळा सुटताना ज्याची बाटली रिकामी त्याच्या नावापुढे तक्त्यावर एक चांदणी. मुख्याध्यापिकांना तिथं सगळे बडदी म्हणतात, म्हणजे मोठ्या ताई. बडदींना ही कल्पना इतकी आवडली, की पुढच्या आठवड्यात ती त्यांचीच झाली.

त्या जूनमध्ये तिसरीत एक नवी मुलगी आली. वडील बँकेत, नाशिकहून बदली. बडदींनी तिला हाताला धरून माझ्यापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, ही तुमची. जणू नाशिकहून माझ्या नावानं पार्सलच आलं होतं. मुलगी बारीक, दोन वेण्या, तोंड घट्ट मिटलेलं. हिंदी कामापुरतं येत होतं, बंगाली अजिबात नाही. वर्गात ती मला मिस म्हणे. रविवारी मराठी मंडळींच्या जेवणात भेटली तर काकू. या दोन बायका वेगळ्या आहेत असंच ती वागे. मला ते सोयीचं वाटायचं.

महिनाभरात तिसरीच्या तक्त्यावर चांदण्यांची नुसती गर्दी झाली. तिच्या रांगेत एकही नव्हती. बाटली सकाळी भरलेली येई आणि दुपारी तशीच भरलेली घरी जाई. मी विचारलं, तर तहान लागत नाही म्हणाली. दुसऱ्यांदा विचारलं, तर पाण्याला वास येतो म्हणाली. पाणी ती घरूनच आणत होती. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. मुलं हट्टी असतात आणि हट्ट मोडायचा असतो, असं माझं शास्त्र होतं, आणि ते त्या विषयाच्या पुस्तकातल्या कुठल्याही धड्यात बसत नव्हतं.

ऑगस्टमध्ये आरोग्य सप्ताह झाला. समारोपाला एक दंतवैद्य पाहुणे म्हणून बोलावले होते, कारण ते एका विश्वस्तांचे जावई होते. कार्यक्रमाच्या आधी प्रत्येक वर्गानं तक्त्याचं प्रात्यक्षिक करून दाखवायचं होतं. तिसरीचा तक्ता एका कोऱ्या ओळीमुळे वाईट दिसत होता. मी त्या मुलीजवळ उभी राहिले आणि म्हणाले, आज संपवल्याशिवाय बाटली खाली ठेवायची नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत. मी स्वतःच्या हातानं तिची पहिली चांदणी चिकटवली.

त्यानंतर सगळी मुलं हॉलमध्ये जमिनीवर बसली आणि दंतवैद्य बोलू लागले. दातांवरून ते शिस्तीवर आले, शिस्तीवरून स्वतःच्या लहानपणावर. पाहुणे बोलत असताना कोणी उठायचं नाही, ही शाळेची सक्त रीत. त्या मुलीनं एकदा हात वर केला. मासींनी तो खाली केला. शेवटी टाळ्या वाजल्या, मुलं उभी राहिली, आणि तिच्या जागी ओलं होतं. मागच्या मुलांनी ते पाहिलं आणि मुलं जशी हसतात तशी हसली.

मी तिला स्टाफरूममध्ये नेलं, कोणाचा तरी जुना फ्रॉक शोधून काढला, आईला फोन केला. ती रडली नाही. फक्त तक्त्याकडे जाऊन तिनं आपली चांदणी नखानं खरवडून काढली. नीट निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बडदी म्हणाल्या, बदलीवाल्यांची मुलं जरा नाजूक असतात. चौथ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. ती मला ताई म्हणे. म्हणाली, ताई, हिला नाशिकला आजीआजोबांकडे ठेवावं असं चाललंय आमचं. तिथली जुनी शाळा घेते म्हणते. पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचंय. हे राहतील इथे, मी जाऊन-येऊन करेन. आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं. तक्रारीला उत्तर देता येतं.

म्हणजे आठ वर्षांची मुलगी आईबापांपैकी एकाला सोडून हजार मैल परत जाणार होती, आणि कारण माझा तक्ता. मी त्याच संध्याकाळी गेले. ते आणि आम्ही शहराच्या बेहाला भागातच राहत होतो, त्यांचं घर माझ्यापासून मेट्रोच्या एका स्टेशनावर. आईनं पोहे केले होते. मुलगी पलंगावर पाय हलवत बसली होती. मी समजूत घालायला सुरुवात केली: असं कोणाचंही होतं, मुलं विसरतात, वगैरे. दोन वर्षं मी हेच शिकवत होते, त्यामुळे ते माझ्या तोंडून अस्खलित येत होतं.

तिनं मला मध्येच तोडलं. “काकू, पाणी प्यायल्यावर जावं लागतं.”

मग जायचं, मी म्हटलं.

“आणि दार कोण धरणार?”

कुठलं दार, हे मला कळलंच नाही. मग तिनं, एखाद्या मठ्ठ विद्यार्थ्याला सांगावं तसं, सगळं सांगितलं. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. दार आपोआप उघडतं. म्हणून प्रत्येक मुलीची एक दार धरणारी असते. ती बाहेरून धरते, मग आपण तिचं धरायचं. जोड्या पहिलीपासून ठरलेल्या. वर्गात मुली एकोणीस, ही विसावी. म्हणजे हिशेबानं उरलेली एक मिळायला हवी होती. पण ती उरलेली मुलगी तिघींच्या गटात होती. या मुलीनं जूनमध्ये तिला विचारलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. तिनं मान हलवली, आणि मान हलवण्याचा अर्थ हो की नाही हे काही कळलं नाही. पुन्हा विचारायची लाज वाटली. तेव्हापासून ती सकाळी सातपासून दुपारी दीडपर्यंत पाणी पीत नव्हती.

“तुम्हाला माहीत नव्हतं?” आईनं विचारलं. मला नव्हतं. शिक्षिकांचं स्वच्छतागृह वेगळं आहे. त्याला कडी आहे, आरसा आहे, पायपुसणं आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारावर ‘स्वच्छता हीच सेवा’ असा माझा स्वतःचा तक्ता होता, आणि तो लावताना मी आत डोकावले नव्हते.

दुसऱ्या दिवशी डोकावले. दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, स्क्रूची चार भोकं होती. मासींनी इतिहास सांगितला: कडी होती, पण पोरी उड्या मारून लोंबकळायच्या, निघाली. एवढ्या वर कशाला लावली, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, कडी तिथंच असते.

मी बडदींकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, हळहळल्या, आणि रीतसर अर्ज द्यायला सांगितलं. अर्ज समितीकडे जाईल, समिती मिस्त्रीला सांगेल, मिस्त्री पूजोनंतर, म्हणजे दुर्गापूजेनंतर येईल. कोलकात्यात ऑगस्टच्या मध्यापासून जगातली प्रत्येक गोष्ट पूजोनंतर होते. त्याला आळस म्हणत नाहीत, तो पंचांगाचा भाग आहे. मी अर्ज लिहून दिला आणि म्हटलं, त्या मुलीला सोमवारपर्यंत ठरवायचंय. बडदी म्हणाल्या, मग तिला धीर धरायला शिकवा, तुमचाच विषय आहे.

शनिवारी मी बेहाल्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून एक कडी घेतली आणि नवऱ्याचा ड्रिल पिशवीत घालून शाळेत गेले. नवरा म्हणाला, तुला येतं का ते? मी म्हटलं, तुझ्या सहा बदल्यांत पडदे कोणी लावले? शाळा सुटल्यावर गुडघ्यावर बसून दाराला कडी लावली, आठ वर्षांच्या मुलीच्या कमरेच्या उंचीला. मासी डोक्यावर उभ्या राहून सांगत होत्या, कोणी आत अडकलं तर? प्रश्न योग्य होता. दाराखाली वीतभर फट होती. तिथून हात घालून कडी सरकते का, ते आम्ही दोघींनी आडव्या होऊन पाहिलं. मासींचा हात पोचला. मग त्यांनी स्वतःहून कपाट उघडून साबणाची एक वडी बेसिनवर ठेवली. मी ड्रिल पिशवीत भरायला घेतला. काही बोलले असते तर वडी परत कपाटात गेली असती.

कडीचं मी फोनवर कळवलं होतं. सोमवारी आई मुलीला घेऊन आली, पण मुलगी फाटकाबाहेर उभी. फक्त बघायला आलेय, असं तिनं आधीच ठरवून घेतलं होतं. तासाची घंटा झाली होती, आवारात कोणी नव्हतं. मी तिला नेलं. ती आत गेली, कडी लावल्याचा आवाज आला.

“काकू, ढकला.”

मी ढकललं.

“जोरात.”

मी खांदा लावून ढकललं. चष्मा नाकावर आला.

“आता लाथ मारा.”

शिक्षिकेनं मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला लाथ मारू नये हे मला माहीत होतं. मी मारली. कडी हलली नाही. मग पाण्याचा आवाज आला, मग कडी सरकली. ती बाहेर आली, साबणानं हात धुतले, तक्त्याकडे न बघता, आणि दप्तर आईकडून घेऊन वर्गात गेली. आईनं तिथंच उभं राहून नाशिकला फोन लावला.

पाण्याच्या घंटेचा तक्ता मी काढून टाकला. बडदींनी कारण विचारलं, तेव्हा वाळवी लागली म्हटलं.

पूजोची सुट्टी संपून शाळा उघडली आणि नोव्हेंबरात समितीचा मिस्त्री खरोखरच आला. हातात मंजूर झालेला कागद, पिशवीत नवी कडी. खांद्याच्या उंचीवरच्या जुन्या भोकांत बसवायची, असं कागदावर लिहिलेलं. त्याला खालची कडी दाखवली तर तो म्हणाला, ती मंजूर नाही. मी त्याला स्वच्छतागृहाशी नेलं. त्यानं दार ढकललं. आतून कडक आवाजात बंगाली आलं:

“लोक आछे!”

कोणीतरी आत आहे, एवढाच त्याचा अर्थ. उच्चार नाशिकचा होता. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला बाकावर बसायला सांगितलं. तिला घाई नव्हती.